बारा बोअरची दुनळी: पावसाळ्यातील निगा आणि रानडुकरांचा प्रश्न

प्रश्न (रावेर):
वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची छऱ्यांची बंदूक) रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. मृग लागल्यापासून नळ्यांच्या आत तांबूस ठिपके दिसत आहेत. ते कसे काढावेत? केळीच्या बागेत शिरणारी रानडुकरे या बंदुकीने मारता येतात का?

उत्तर (चोपडा):
बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची आधी खात्री करावी. नंतर नळ्या सुट्या करून, काडतूस घालतो त्या बाजूने पितळी ब्रश तोंडापर्यंत फिरवावा आणि सुती चिंधी स्वच्छ निघू लागली की तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जास्तीचे तेल दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडते. पॉलिशपेपर कृपया लावू नका. गंजाने खड्डे पडले असतील, तर परवानाधारक कारागिराने तपासेपर्यंत बार काढू नये. कापडी खोळ ओल धरते. पावसाळ्यात तीत बंदूक ठेवणे मला मुळीच पसंत नाही.

उत्तर (शहादा):
शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे आपल्याकडे वारंवार सांगावे लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरालाही वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही, म्हणून नुकसानीचा अर्ज आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा. मोर तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिवाय शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. वारशाची धरून तीन होत असतील, तर एक जमा करावी लागेल.