टेकडीवर गिट्टी खदान येतेय, ग्रामसभेच्या ठरावात काय लिहून घ्यायचं?

वावरवाला_यवतमाळ:
राजेहो, मदत पाहिजे. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची टेकडी आहे, तिथं गिट्टी खदान आणि क्रशर येतंय, साडेचार हेक्टरचा प्रस्ताव. पायथ्याशी नाला, नाल्याकाठी सात-आठ विहिरी, त्यातल्या एकीवर गावाची नळयोजना. माझं तीन एकर ओलीत ह्याच पाण्यावर, हरभरा होतो तो त्याच्याच जीवावर. खदानवाले म्हणतात काम झालं की खड्डा बुजवून झाडं लावून देऊ. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. नुसतं 'विरोध आहे' लिहिलं तर बाजूच्या गावासारखं होईल, कागद गेला अन् तिकडून मंजुरीही आली.

विहीरमोज्या:
भाऊ, ठराव नंतर, आधी विहिरी मोजा. काठावर पेंटनं एक खूण करा, दोरीला दगड बांधून सोडा, खुणेपासून पाणी किती फुटावर ते तारखेसकट वहीत लिहा आणि फोटो काढा. मोटार रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजायचं, नाहीतर आकडा खोटा येतो. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजतात, तुम्हीही तेच महिने धरा म्हणजे लावून पाहता येतं. आपल्या काळ्या दगडात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, खदान त्या भेगा तोडून खाली गेली की तेच पाणी खड्ड्यात झिरपतं अन् ते पंप लावून बाहेर फेकतात. तुमची विहीर आटली की म्हणणार यंदा पाऊस कमी झाला. ठरावात लिहा, मे महिन्याच्या पाणीपातळीच्या खाली खोदायचं नाही.

धुऱ्यावरचा_माणूस:
आमच्या गावचं सांगतो. पहिल्याच महिन्यात वरची माती ट्रॅक्टरनं विकून मोकळे झाले. बुजवायची वेळ आली तेव्हा खड्ड्यात क्रशरची डस्ट अन् गोटे लोटले, त्यावर रोपं लावली, फोटो काढले. मे लागेपर्यंत एक रोप जिवंत नव्हतं, मातीच नाही तर मुळं धरतील कशाला? म्हणून ठरावात मातीचं पहिलं लिहा: वरची माती वेगळी काढायची, त्याच जागेवर ढीग लावायचा, त्यावर गवत पेरायचं, एक ट्रॉलीही बाहेर जाणार नाही. आणि नाल्याच्या वर गाळ बसायचे खड्डे पावसाळ्याच्या आधी खोदून झालेले पाहिजेत. आमच्या नाल्यात पहिल्याच पावसात राखाडी चिखल आला, ढोरं तोंड लावत नव्हती. खड्ड्याच्या बाजूही सरळ कड्यासारख्या सोडू देऊ नका, पायऱ्या पाडून उतार करून घ्या, आमच्याकडे दोन बैल गेले त्यात.

कायदा_कास्तकार:
साडेचार हेक्टर का, ते ओळखा. पाच हेक्टरच्या आत असलं की जनसुनावणी टळते. पण ५०० मीटरच्या आत दुसरी खदान असेल तर क्लस्टर, म्हणजे एकच गट धरतात, सगळ्यांची मिळून जागा पाचच्या वर गेली की सुनावणी लागते, तिची नोटीस निदान ३० दिवस आधी. तेव्हा आजूबाजूला पाहा. 'छोटी आहे, पर्यावरण मंजुरी लागत नाही' असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टानं २७ फेब्रुवारी २०१२ लाच पाचच्या आतल्या खदानींनाही ती लागते असं सांगितलंय. खोदकाम संपल्यावर जागा परत गवत-चारा उगवेल अशी करून द्यायची, हा आदेशही सुप्रीम कोर्टाचाच, ८ जानेवारी २०२० चा आहे, म्हणजे 'झाडं लावून देऊ' ही काही त्यांची मेहरबानी नाही. गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) असेल तर ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लीजच्या आधीच लागते. मंजुरी निघालीच तर हरित लवादात अपिलाला ३० दिवस असतात, पर्यावरण मंजुऱ्या जिथं टाकतात ते सरकारचं परिवेश पोर्टल रोज पाहत जा.

वावरवाला_यवतमाळ:
खूप आभार सगळ्यांचे. आज सकाळी पोरांना घेऊन पाच विहिरी मोजल्या, नळयोजनेच्या विहिरीत पाणी २२ फुटावर लागलं, माझ्या विहिरीत २६. टेकडीच्या मागच्या अंगाला एक जुनी खदान आहे, ती ५०० मीटरच्या आत येते का ते उद्या तलाठ्याकडे नकाशा काढून पाहतो. मातीचं वाक्य ठरावात जसंच्या तसं टाकतो.