मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा घरचा डेस्कटॉप, पार्ट्स कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी,

घरी जुना डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि हार्डडिस्क, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला (म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले) तेव्हापासून बायको म्हणते की आता हा बदलाच, कारण तिचं टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम घरूनच चालतं, लोकांचे हिशोब आणि लॉगिन सगळे त्याच मशीनवर आहेत. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. विंडोज इलेव्हनला इंटेलचं आठवं जनरेशन किंवा त्याच्या पुढचं आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते याच्यात नाही, त्यामुळे नवीन असेंबल करायचं ठरवलं. पोट्टा अकरावीत आहे, त्याला पायथन शिकायचंय आणि फोनवर शूट केलेले व्हिडीओ एडिट करायचे असतात. मोठे गेम नाहीत, ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आहेत. बाकी सगळ्याला मिळून ५० हजार, त्यातच यूपीएस पण.

सीताबर्डीला दोन-चार दुकानं फिरलो आणि डोकं भणभणून गेलं. एका ठिकाणी "आय-फाईव्ह पीसी" म्हणून फार स्वस्त कोटेशन दिलं, जनरेशन विचारलं तर तिसरं निघालं, म्हणजे माझ्या आताच्या मशीनपेक्षाही जुनं! नवीन घेणाऱ्यांनी कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्याच, नुसतं आय-फाईव्ह या शब्दाला काही अर्थ नाही.

आता माझ्यासमोर तीन रस्ते आहेत. एक, रायझन ५ ५६००जी, सहा कोअर, आतलं ग्राफिक्स चांगलं, जुन्या पिढीची डीडीआर४ रॅम, पण एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) म्हणजे पुढे बदलायला फारसं काही नाही. दोन, इंटेल आय५-१२४००, हे पण सहा कोअर, एच६१० मदरबोर्डावर, याच्यात डीडीआर४ वाला बोर्ड मिळतो. तीन, एएम५ वर रायझन ५ ८५००जी किंवा ८६००जी, एएमडीनं या सॉकेटला २०२७ आणि त्याच्या पुढेही सपोर्ट देऊ म्हटलंय म्हणून चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल, पण तिथे फक्त नव्या पिढीची डीडीआर५ रॅम चालते आणि एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव ऐकूनच छातीत धडधडतं. १६ जीबी तर पाहिजेच.

पण माझा खरा प्रश्न प्रोसेसरचा नाहीच. आम्ही मानेवाडा रोडकडे राहतो, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब, एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पारा ४५ च्या वर जातो आणि खोली रात्री अकरालाही भट्टीच असते. त्यात मार्च-एप्रिलची रिटर्नची गर्दी, म्हणजे मशीन दिवसभर चालू. लाईट जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं. दुकानदार सगळे प्रोसेसर आणि आरजीबी लाईटबद्दल भरभरून बोलतात आणि एसएमपीएस (मेनची वीज पार्ट्सना पुरवणारा डबा) विचारला की "केबिनेटसोबत येतो ना भाऊ" म्हणून विषय संपवतात. मला हे पटत नाही. ज्या एका पार्टमधून बाकी सगळ्यांना वीज जाते तो फुकटचा कसा चालेल? तर या ५० हजारात एसएमपीएस, केबिनेट, यूपीएसला किती ठेवू आणि प्रोसेसर-बोर्डला किती, हे कृपया विदर्भातल्या उन्हाळ्याचा अनुभव असणाऱ्यांनी सांगा. आणि कूलरची दमट हवा मशीनला चालते का?

प्रतिसाद

भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. मी अजनीकडे राहतो, इलेक्ट्रिकलचं काम करतो, म्हणून पार्ट्सच्या आधी घरचं अर्थिंग पाहून घ्या असं सांगून राहिलो. मल्टिमीटरनं सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या मधे व्होल्टेज पहा, एक-दोन व्होल्ट ठीक, जास्त दाखवलं तर वायरमन बोलवा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या सळीपासून सुटते, मग पावसाळ्यात चांगलं असणारं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतंच उरतं. खड्ड्यात पाणी टाकत राहायचं. बऱ्याच घरी केबिनेटला हात लागला की मुंग्या येतात ना, ते यामुळेच. एसएमपीएसच्या आत फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात, अर्थ तुटलेलं असलं की केबिनेटवर मेनच्या साधारण अर्धं व्होल्टेज येऊन बसतं. करंट थोडा असतो पण पेनड्राईव्ह, स्पीकर लावता-काढताना पोर्ट जाऊ शकतात, आणि घरात कोणी ओल्या पायानं हात लावला तर नको ती भानगड.

एसएमपीएसचं म्हणाल तर तुमच्या मशीनला कार्ड नसताना १५० वॅटही लागणार नाही, ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) भरपूर झाला. वॅटपेक्षा हे वाचा की कंपनीनं तो आकडा कोणत्या तापमानाला दिलाय, चांगले ४० किंवा ५० डिग्रीला देतात, स्वस्तातले २५ ला देतात किंवा लिहीतच नाहीत. आतले कपॅसिटर १०५ डिग्रीवाले पाहिजेत, ८५ वाले नको. तापमान १० डिग्री वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, आपल्या खोलीत आणि पुण्याच्या खोलीत तोच एसएमपीएस सारखा टिकणार नाही. यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच, म्हणून यूपीएस खाली जमिनीवर, भिंतीपासून सुटा ठेवा, माळ्यावर तर मुळीच नको. ६०० व्हीएचा लाईन इंटरॅक्टिव्ह घ्या, साधारण ३६० वॅट देतो, व्होल्टेज खालीवर झालं तर तोच सांभाळतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. कूलरची मोटर आणि पीसी एका एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

कूलरची हवा खोलीत फिरलेली चालते, खोली गार झाली तर मशीनला बरंच आहे. पण कूलरच्या झोतात समोर केबिनेट ठेवू नका, आपलं पाणी जड, बारीक थेंब उडून वाळले की पांढरा थर जमतो.

प्रतिसाद

वरच्या दादांशी पूर्ण सहमत. पार्ट्सबद्दल माझं मत, १२४०० घ्या, पण मागे एफ लावलेला घेऊ नका, १२४००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नसतं आणि तुम्हाला कार्ड घ्यायचं नाही, म्हणजे स्क्रीनवर काही येणारच नाही. दुकानात स्वस्त म्हणून तोच पुढे करतात. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडीओ भराभर हाताळायची सोय) आहे, फोनचे एच.२६५ प्रकारचे व्हिडीओ एडिट करताना त्याचा खूप उपयोग होतो. गेम असते तर मी ५६००जी म्हटलं असतं, त्याचं ग्राफिक्स गेमला सरस आहे. सॉकेट दोन्हीचे जुनेच, पण १२४०० च्या बोर्डावर तेरावं-चौदावं जनरेशन पण बसतं (बायोस अपडेट लागेल कदाचित), म्हणजे सेकंडहँड आय-सेव्हन टाकता येईल पुढे. एएम५ छान आहे पण आज डीडीआर५ चे पैसे देऊन एसएमपीएस हलका घ्यावा लागत असेल तर नको.

आणि उष्णतेचं गणित सोपं आहे. खोली २८ वर असताना प्रोसेसर लोडवर ७० ला जात असेल तर खोली ४२ झाल्यावर तो ८४ च्या आसपास जाणार. १२४०० ची मर्यादा १०० आहे, ५६००जी ची ९५, त्यामुळे जळणार नाही, पण मर्यादेजवळ गेला की स्वतःच स्पीड कमी करतो. सोबत येणारा छोटा पंखा आपल्या मे महिन्यात फार आवाज करतो, त्याऐवजी प्रोसेसरवर साधा टॉवर कूलर (उंच, मोठ्या पंख्याचा) टाका. केबिनेट समोरून जाळीचा, काचेचा नको, समोर धुळीची फिल्टर, आत घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक. आत जास्त हवा गेली की फटीतून धूळ कमी ओढली जाते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार, इतकं नीट कोणी दुकानात सांगितलं नव्हतं. अर्थिंग उद्याच तपासून घेतो, जुन्या मशीनला हात लावला की मुंग्या येतात हे घरचे केव्हाचे सांगून राहिले होते! म्हणजे १२४०० विना-एफ, एच६१० डीडीआर४ बोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), ४५० वॅट ब्रॉन्झ, जाळीचा केबिनेट, ६०० व्हीए यूपीएस. एकच राहिलं, एच६१० ला रॅमचे दोनच स्लॉट असतात, तर १६ ची एक स्टिक घेऊन एक स्लॉट पुढच्यासाठी ठेवू की ८ च्या दोन?

प्रतिसाद

कार्ड नाही तर आतलं ग्राफिक्स मेन रॅमच वापरतं, दोन स्टिकवर ड्युअल चॅनल (दोन्ही एकाच वेळी काम करतात) मिळतो आणि एडिटिंगमध्ये फरक जाणवतो. पण टॅली आणि पायथनला एक स्टिक पुरते, आणि रॅम पुढे वाढवायचीच असेल तर आता १६ ची एक घ्या, भाव उतरले की तशीच दुसरी. एनव्हीएमई घेताना बोर्डावर एम.२ स्लॉट (ती बसवायची जागा) किती ते पहा, स्वस्तातल्या एच६१० वर एकच असतो, म्हणून जमलं तर १ टीबी घ्या, आणि बायकोच्या टॅलीचा बॅकअप जुन्या हार्डडिस्कवर ठेवू नका, वेगळी बाहेरची डिस्क ठेवा.