मदत हवी आहे: हाताने विणलेल्या मोज्यांची टाच टिकत नाही

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी,

गोव्यात लोकरीचे मोजे विणणारी बाई म्हणजे आमच्या वाड्यावर थट्टेचाच विषय. श्रावणात इथे डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो, आणि मी पंखा पाचावर ठेवून मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली. पण मोजे माझ्यासाठी नाहीत. थोरला मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनकडे आहे. इंजिनरूम तापलेली असते म्हणे, पण बंदरात तेल भरून घेताना डेकवर तासन्‌तास उभं राहावं लागतं. गेल्या थंडीत जहाज बाल्टिक समुद्रात होतं. "आई, पाय गार पडतात," एवढंच एकदा फोनवर बोलला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा सुयांचा डबा खाली आला.

मोजे पोचले, आवडले. तीन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो: टाच मोज्यातून बाहेर, शेजारी वर केलेला अंगठा. खाली लिहिलेलं, "हवा खेळती झाली."

माहिती देते. शंभर टक्के मेरिनो लोकर, चार पदरी, बेळगावहून आणलेली. १२ नंबरच्या सुया, ६४ टाके, वरून खाली विणलेला मोजा. टाचेच्या पट्टीला एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, असं केलं होतं. मावशीने शिकवलं होतं तसंच. तरी टाच गेली. अंगठ्याजवळही विरळ झालंय, पण तिथे भोक नाही.

आता केलेला गाढवपणाही सांगते, म्हणजे तोच कोणी सुचवणार नाही. आमच्या घरी 'ह्यांना' गरी टाकायची हौस. कपाटात तंगुसाची रिळं. हे म्हणाले, यावर चार किलोचा मासा ओढला जातो, तुझी टाच काय घेऊन बसलीस! मलाही पटलं. दुसऱ्या जोडाच्या टाचेला लोकरीबरोबर बारीक तंगूस घेऊन विणलं. जहाजावर पाठवण्याआधी धाकट्याला घालायला दिला. तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, दिवसभर थोरल्यासारखेच लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. पहिल्या दिवसापासून "टोचतंय, टोचतंय". मी म्हटलं, सवय होईल. पंधरवड्यात टाचेवरची लोकर झिजून गेली आणि तंगूस जसाच्या तसा. नुसत्या पारदर्शक चौकटी उरल्या, मधे काही नाही. हे अजून म्हणतात की तंगूस तर टिकला ना!

तर प्रश्न असा: विणतानाच टाच आणि चवडा मजबूत करायला कोणता धागा जोडीने घ्यावा? गोव्यात मिळेल असं काही सांगा. आणि विणून झालेल्या, अजून न फाटलेल्या एका जोडाला आता काही करता येईल का? मुलगा चवथीला घरी येतोय आणि दिवाळीच्या आधी परत जायचाय. तेवढ्यात दोन जोड व्हायला हवेत.

काजूबोंडू

काकू, राग मानू नका, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शंभर रुपयांत तीन जोड मिळतात. फाटले की टाकायचे.

फोंडेकरीण

राग नाही रे बाबा. तसले डझनभर त्याच्या बॅगेत आहेतच. त्यांनी पाय गार पडतात म्हणून तर हे सगळं.

उलट_सुलट

ताई, आधी एक सांगा. भोक नेमकं कुठे पडलंय? टाचेच्या मागे, बुटाच्या काठाला घासतं तिथे, की टाचेच्या खाली, जिच्यावर आपण उभे राहतो तिथे? आणि मुलाच्या पायाचा चवड्यापाशी घेर किती, तुमच्या विणीत इंचाला टाके किती बसतात, तेही मोजून सांगा.

फोंडेकरीण

मोजा हातात घेऊन बघितला आणि स्वतःवरच हसले. भोक खाली आहे! दोन रुपयांच्या नाण्याएवढं, टाच वळवून संपते तिथून जरासं पुढे. मागची उचललेल्या टाक्यांची पट्टी अजून ठणठणीत. इंचाला साडेसहा टाके. घेर पंचवीस सेंटिमीटर, त्याच्याच जुन्या नोंदीतला.

उलट_सुलट

वाटलंच होतं. तुमच्या मावशीचं काही चुकलेलं नाही. ती पट्टी टाचेच्या मागच्या बाजूसाठी असते. उचललेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो म्हणून तिथे दुहेरी थर होतो. पण पट्टी संपली, टाच वळवायला घेतली की आपण सगळे साधे टाके विणायला लागतो, आणि माणसाचं सगळं वजन नेमकं तिथेच. म्हणजे कुलूप पुढच्या दाराला आणि चोर मागच्या दाराने.

दुसरं, तुमचा मोजा सैल आहे. हिशेब करा: ६४ भागिले साडेसहा, जवळजवळ दहा इंच, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर. पायाच्या घेराएवढाच मोजा. लोकर ताणली जाते, त्यामुळे मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के कमी घेराचा हवा. नाहीतर पाय आत सरकतो, प्रत्येक पावलाला घासतो. लांबीलाही एखादा सेंटिमीटर कमी ठेवा. आता १३ नंबरच्या सुया घ्या, म्हणजे तुमच्यापेक्षा बारीक, सव्वादोन मिलिमीटरच्या, आणि इंचाला आठ टाके आणा. ७२ टाके घातले की नऊ इंच, तुमच्या मुलाला बरोबर. वीण घट्ट असली की एकेका टाक्याला हलायला जागा राहत नाही. हातात कडक लागते, बोटं दुखतात, पण टिकाऊपणाचा निम्मा भाग इथेच आहे असं माझं मत. लोक धाग्यावर पैसे घालतात आणि सुया जाड्याच ठेवतात.

लोकर बदला. शुद्ध मेरिनो मऊ असते म्हणून आपल्याला आवडते, पण तिचा तंतू बारीक, घासायला नाजूक. घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या का टिकते? जाड्याभरड्या केसांची असते म्हणून. तसली लोकर पायात कोण घालणार, म्हणून मोज्यांसाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असा मिश्र धागा येतो. शंभर ग्रॅममध्ये चारशे मीटरच्या आसपास धागा भरतो, पुरुषाचा एक जोड होतो. गोव्यात दुकानात मी तरी पाहिला नाही, ऑनलाइन मागवा. वेष्टनावर 'सुपरवॉश' लिहिलेलं बघा, म्हणजे मशीनमध्ये घट्ट होऊन आटणार नाही.

तंगुसाचं काय झालं ते आता लक्षात आलं असेल. एकसंध, गुळगुळीत, कडक तार. मऊ लोकरीला आतून करवतीसारखी घासत बसते. जोडीचा धागा लोकरीइतकाच मऊ हवा. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात ओव्हरलॉक मशीनचा फुगीर नायलॉन धागा मागा. साधा शिलाईचा नको. फुगीर धागा बोटांत धरला तर कापसासारखा फुलतो, ओढला की ताणतो. टाचेची पट्टी, वळण आणि पुढचा अंगठ्याकडचा निमुळता भाग, एवढ्यात तो लोकरीबरोबर घ्या. इस्त्री मात्र लावू नका, वितळेल.

वळणातही उचल-टाका चालू ठेवा, पण तळव्याखाली लांबवू नका. उचललेल्या टाक्यांच्या ओळी आखडतात. तळवा ओढला जातो आणि वरचा भाग फुगतो. मी एकदा केलंय, मोजा केळ्यासारखा वाकला होता.

फोंडेकरीण

केळ्यासारखा! मग वळणाच्या पुढे, जिथे भोक पडलं, तिथे काय करू? गोल विणताना जोडीचा धागा फक्त तळव्याला कसा घेणार? प्रत्येक फेरीला तो पलीकडच्या टोकाला जाऊन बसेल ना?

उलट_सुलट

बरोबर पकडलंत. तेवढे दोन इंच पूर्ण फेरीभर घेतला तरी चालतं, पावलाच्या वर जरा जाड होईल इतकंच. मी स्वतः तसं करत नाही. मोजा विणून झाला की उलटा करते. आतल्या बाजूला उलट टाक्यांचे उंचवटे दिसतात. बोथट सुईत त्याच लोकरीचा धागा ओवून त्या उंचवट्यांमधून एकेक ओळ जात राहायचं, खाली उतरायचं, परत यायचं. गाठ मारायची नाही, गाठ म्हणजे फोड. धागा ओढायचाही नाही. ओळीच्या शेवटी मोजा थोडा ताणून सोडायचा, म्हणजे धागा आपल्याला हवा तेवढा आत जातो. बाहेरून काही दिसत नाही, आतून अस्तर. तुमच्या न फाटलेल्या जोडालाही हेच करा, आजच.

दर्यावर्दी

बावीस वर्षं जहाजावर काढली, आता बेतीला घरी असतो. विणकामातलं मला शून्य कळतं, पण धुण्याचं बोलतो. मुलगा मोजे बॉयलर सूटबरोबरच, म्हणजे कामाच्या अंगभर कपड्याबरोबरच, मशीनमध्ये टाकत असणार, आणि नंतर गरम ड्रायर. सगळे तसंच करतात. लोकर तिथेच मरते. शिवाय डाग काढणाऱ्या पावडरीत जे एन्झाइम असतात ते प्रथिनं खातात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. त्याला सांगा, मोजे केबिनमधल्या बेसिनमध्ये साध्या शाम्पूने धू, टॉवेलात गुंडाळून दाब, पिळू नको. दोन जोड आलटून पालटून घाल.

आणखी एक, मनाला लावून घेऊ नका. इंजिनरूममध्ये गरम कामाला नायलॉन जास्त असलेलं काही अंगाला लागून नको, वितळून कातडीला चिकटतं. चौथा भाग नायलॉन चालेल, पण डेकसाठी आणि झोपायलाच ठेवायला सांगा.

फोंडेकरीण

दादा, हे बरं सांगितलंत. विचारलं. बॉयलर सूटबरोबरच. वर म्हणतो, "मग काय दगडावर आपटू?" मी घरी तेच करत होते, ते त्याला सांगितलं नाही.

सुईदोरा

ताई, आपटणं सोडा. रिठे रात्रभर भिजवून त्या कोमट पाण्यात हाताने धुवा, सावलीत आडवे पसरा. पावसात तीन दिवस वाळत नाहीत हे माहीत आहे, पण टॉवेलात दाबून पंख्याखाली ठेवले तर रात्रीत होतात. ओले कपाटात ठेवलेत तर आधी वास, मग बुरशी.

रफूचंही शिकवून पाठवा त्याला. भोक पडेपर्यंत थांबायचं नाही. मोजा उजेडाकडे धरायचा. जिथून उजेड जास्त येतो ती जागा विरळ. तिथे बाहेरून टाक्यावर टाका: टाक्याचा जो इंग्रजी व्हीसारखा आकार असतो त्याच वाटेने सुई न्यायची, आणि विरळ जागेच्या चारी बाजूंना तीन-चार टाके चांगल्या विणीतून सुरुवात करायची. नाहीतर ठिगळाच्या काठालाच नवं भोक पडतं. आत धरायला मोज्यात करवंटी घालायची. आमच्याकडे करटी म्हणतात. आतून-बाहेरून काचेने खरवडून गुळगुळीत केलेली हवी, शेंडीचा धागा राहिला तर लोकर अडकते. माझी आजीची आहे, काळी कुळकुळीत.

फोंडेकरीण (सव्वा महिन्यानंतर)

काय झालं ते सांगायला आले.

मिश्र धागा आला, १३ नंबरच्या सुया मडगावला मिळाल्या. पहिला मोजा कसाबसा केला, बोटांना पट्टी बांधून. ७२ टाके. दुसऱ्यापासून हात बसला. फुगीर नायलॉन शिंप्याने रिळभर फुकट दिला, त्याला वाटलं मी पडद्याला झालर लावतेय. टाचेच्या आत अस्तर ओवायला प्रत्येक मोज्याला दीड तास लागला. उलटा मोजा, चष्मा आणि वीज गेली तर मेणबत्ती.

आधीसारखंच धाकट्याला या नव्यातला एक जोड तीन आठवडे घालायला लावला. रोज संध्याकाळी दारातच मोजा उजेडाकडे धरून बघत होते, शेजारीण विचारायला लागली, डॉक्टर एक्सरे बघतात तसं काय बघतेस म्हणून. मागे काही नाही, खाली काही नाही. डाव्या अंगठ्याच्या नखापाशी जरा केस फुलल्यासारखे झालेत. नखं कापायला सांगितलीत.

थोरल्याला चवथीच्या सुट्टीत रफू शिकवलं. नेवऱ्या तळताना मी एका डोळ्याने बघत होते. धागा ओढतो, काय करणार, हात पान्याचा. पण तिसऱ्या ओळीपासून बरं जमलं. त्याच्या बॅगेत दोन जोड, त्याच लोकरीचा पाच-सहा मीटरचा लहान गुंडा, बोथट सुई आणि मी खरवडलेली करटी. करटी बघून म्हणाला, "मेस्समध्ये लोक विचारतील हे काय." म्हटलं, सांग, रफूचं सामान.

एकच शंका राहिली. बोथट सुई विमानात हातातल्या बॅगेत चालते का?

दर्यावर्दी

कशाला वाद घालत बसायचा? मोठ्या बॅगेत टाका. करटीसुद्धा.