आधी संस्कृतच हवं असं नाही

संस्कृत पक्कं झाल्याशिवाय प्राकृताला, म्हणजे संस्कृतच्या जोडीच्या जुन्या लोकभाषांना, हात लावू नये, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. मी उलट्या बाजूने शिरलो. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरच्या अर्ध्या तासात, बसायला मिळालं तर, हाल राजाच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातली एक गाथा. मूळ माहाराष्ट्री या प्राकृतात, खाली संस्कृत छाया, म्हणजे त्याच ओळींचं शब्दाला शब्द संस्कृत रूप. छायेवर रेल्वेचा पास आडवा ठेवायचा आणि आधी वरचंच वाचायचं. नाहीतर डोळे लबाड, थेट खालीच घसरतात.

मराठी कानाला इथे आयती मदत मिळते. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, आपला हात. तसंच कर्ण-कण्ण-कान, दुग्ध-दुद्ध-दूध, सप्त-सत्त-सात. जोडाक्षर आधी द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी येतं, मग ते एकेरी होऊन मागचा स्वर लांबतो. हे एकदा ध्यानात आलं की निम्मे शब्द ओळखीचे निघतात. शिवाय द्विवचन नाही! शाळेत 'रामौ' घोकून वैतागलेल्यांना ही एकच गोष्ट पुरे.

छाया समजायला थोडं संस्कृत लागतं, ते मान्य. पण विभक्त्या ओळखण्यापुरतं. सगळे लकार, म्हणजे क्रियापदांचे काळ आणि अर्थ, पाठ करायची गरज नाही.

२०२४ मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला, आपल्याकडे पेढे मात्र फक्त मराठीचे वाटले गेले. असो. ठाण्यात कोणी शनिवारी एकत्र बसून वाचणार असेल तर मी येतो, पुस्तक माझं. पास तुमचा तुम्ही आणा.