सेलेंगाचा गाळ घटला कसा?

नकाशावेडा
रशियातल्या बैकल सरोवराला नद्यांतून जे पाणी मिळतं, त्यातलं जवळपास निम्मं एकटी सेलेंगा आणते. तिच्या खोऱ्यात मंगोलियाच्या बाजूला सोन्याच्या खाणी वाढल्या, जंगलंही जळतात. म्हणजे गाळ वाढायला हवा. पण गेल्या काही दशकांत तो उलट घटलाय. मुख्य प्रवाहावर मोठं धरणही नाही. मग गाळ अडतोय कुठे?

विसर्गवाला
अडत नाहीये, मुळात निघतच नाहीये. माझी सगळी नोकरी नद्यांचा गाळ मोजण्यात गेली. नमुना बाटलीत धरायचा, गाळून वाळवायचा, वजन करायचं. वर्षभराची नोंदवही उघडलीत तर बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत गेलेला दिसतो. पाणी दुप्पट झालं की गाळ दुपटीवर थांबत नाही, कितीतरी चढतो. सेलेंगाचे मोठे पूर जुलै-ऑगस्टच्या पावसाचे, आणि 1996 पासून सुमारे दोन दशकं तिथे पाणीच कमी होतं. म्हणजे गाळ आणणारे मोठे पूरच कमी झाले, आणि वार्षिक सरासरीत हे दिसत नाही. (सरासरीवर माझा तसाही राग आहे.)

शिवाय सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाकडची बरीच शेतजमीन पडीक पडली. गवत माजलं की माती जागची हलत नाही.

नकाशावेडा
म्हणजे सरोवराचं भलंच झालं की!

विसर्गवाला
थांबा जरा. तांबं, जस्त वगैरे चिकटतं ते बारीक गाळाला, वाळूला फारसं नाही. एकूण टन उतरले म्हणून धातू तेवढेच उतरले असं धरू नका, ते वेगळे मोजावे लागतात. आणि पूर आला की मुखाजवळचं पाणी दलदलीत पसरतं, गाळ तिथे बसतो. पाणी कमी असलं तर ते फाट्यांच्या पात्रातूनच सरळ सरोवरात जातं. दलदल म्हणजे गाळणी आहे, पण तिच्यावर पाणी चढतच नाही.

खचलेली_जमीन
यात भूकंपही धरा. जानेवारी 1862 मध्ये त्रिभुज प्रदेशाचा साधारण 200 चौ. किमीचा तुकडा खचून सरोवरात गेला. आजचा प्रोव्हाल उपसागर तो हाच. त्यात 1950 च्या दशकात सरोवरातून बाहेर पडणाऱ्या अंगारा नदीवर इर्कुत्स्कचं धरण झालं आणि सरोवराची पातळी मीटरभर चढली. त्यामुळे जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून ‘गाळ घटला, किनारा मागे हटला’ म्हणण्याआधी दोन्ही तारखांची पातळी बघा. इतक्या सपाट जमिनीवर थोड्याशा पाण्यानेही किनारा बराच सरकतो.