नेग्लेरिया फाउलेरीची लस: प्रतिजनांची यादी कुठे छाटायची?

वाशी_बायोटेक: एमएस्सीचा प्रकल्प आहे: मेंदूत शिरणाऱ्या नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाविरुद्धच्या लसीसाठी प्रतिजन (प्रतिकारशक्तीला ओळखायला शिकवायची प्रोटीनं) निवडायचे. आमच्या कॉलेजात प्राणिगृह नाही, जिवंत अमीबा वाढवायची परवानगीही नाही. हाताशी संगणक, प्रोटीन बनवून घ्यायला ई. कोलाय जीवाणू आणि ते शुद्ध करायला निकेल कॉलम. अमीबाडीबी या डेटाबेसवरून प्रोटिओम (सगळ्या प्रोटीनांची यादी) घेतला, सिग्नलपी (बाहेर धाडायची खूण, म्हणजे सिग्नल पेप्टाइड, शोधणारं) आणि डीपटीएमएचएमएम (पटलातले भाग शोधणारं) यांतून गाळला, व्हॅक्सिजेनला (प्रतिजन ठरेल का याचा अंदाज देणारं) ०.५चा उंबरठा लावला. तरी यादी आटोक्यात येत नाही. पुढे काय?

खाडीपलीकडचा, ठाणे: व्हॅक्सिजेन सगळ्यात शेवटी लावा. ते अमिनो आम्लांच्या गुणधर्मांवरून अंदाज बांधतं. प्रोटीन पेशीबाहेर दिसतं का, हे त्याला कळत नाही. आधी आरएनए-सेकचा डेटा (कोणती जीन कधी चालू असतात) बघा. ऊतींवर हल्ला करतो तो ट्रोफोझोइट (अमीबाची फिरती, खाणारी अवस्था), त्यामुळे त्या अवस्थेत जे बनत नाही ते बाद. मग माणसाच्या प्रोटिओमशी ब्लास्टपी (प्रोटीनांचे क्रम जुळवून बघणारं साधन), म्हणजे लस आपल्याच प्रोटीनवर उलटू नये: निम्म्याहून जास्त लांबीवर ३५ टक्क्यांपेक्षा अधिक साम्य असेल तर काढून टाका. ॲक्टिन इथेच गळतं, शोधनिबंधांत त्याचं नाव कितीही वेळा दिसो.

ग्रुबेरी आणि लोव्हानिएन्सिस या निरुपद्रवी भावंडांशी तुलना करताना मात्र हात आखडता घ्या. तिथेही सापडलं म्हणून बरेच जण प्रोटीन फेकून देतात. लसीला पकडायला जागा हवी, ते प्रोटीन रोगाचं कारण असलंच पाहिजे असं नाही.

तुलनेसाठी एनएफए१ हे आधीच अभ्यासलेलं अमीबाचं प्रोटीन (सुमारे १३ किलोडाल्टन, छद्मपादांवर असतं) सोबत ठेवा. तुमच्या गाळणीतून तेच निसटलं, तर दोष गाळणीत आहे.

नेरूळ_वेटलॅब: जीन मागवताना सिग्नल पेप्टाइड आणि पटलातला भाग कापूनच मागवा, नाहीतर सगळं इन्क्लुजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गोळ्यांत) जाईल. ई. कोलायचा बीएल२१(डीई३) स्ट्रेन, ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करून देणारं रसायन), १८ अंशांवर रात्रभर. सिस्टीन जास्त असतील तर त्यांच्या जोड्या जुळू देणारा शफल स्ट्रेन घ्या. कॉलम धुवायला २० आणि प्रोटीन उतरवायला २५० मिलिमोलर इमिडाझोल. ८ मोलर युरियातून काढावं लागलं तर डायलिसिस ६, ४, २, ० मोलर असं टप्प्याटप्प्याने. एकदम उतरलात की गाळ.

खरी खोट एंडोटॉक्सिनची. ई. कोलायचं एलपीएस (हेच ते एंडोटॉक्सिन) राहिलं की प्रतिकारशक्तीच्या पेशी उत्तेजित होतात आणि श्रेय तुमच्या प्रतिजनाला जातं. १ टक्का ट्रायटन एक्स-११४ हे डिटर्जंट घालून ४ अंशांवर अर्धा तास ढवळा, ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा, त्याच तापमानाला सेंट्रिफ्यूज करून वरचा थर घ्या. हे दोन-तीनदा, मग उरलेलं एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी. महापे-रबाळ्याच्या औषध तपासणी प्रयोगशाळांना ती नवी नाही.

आणि ई. कोलायमध्ये शर्करा जोडल्या जात नाहीत. अमीबाच्या पृष्ठभागावर मॅनोज, फ्युकोज असतात. प्रतिपिंड त्यांना चिकटणारं असेल तर हे प्रोटीन कामाचं नाही.

खाडीपलीकडचा, ठाणे: प्रतिपिंड चिकटलं म्हणजे अमीबा मेला, असंही नाही. तो ते पृष्ठभागावर एका टोकाला गोळा करून गिळतो किंवा टाकून देतो. कॉम्प्लिमेंटचा (पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रोटीनांचा) मारा झालेलं पटलही पुटकुळ्या करून झटकतो, शिवाय त्या माऱ्यापासून वाचवणारं सीडी५९सारखं प्रोटीन बाळगतो. त्यामुळे प्रबंधात फक्त एलायझाचा टायटर (प्रतिपिंड किती आहे याचं माप) दाखवू नका.

लस टोचायची की नाकात द्यायची, हेही लिहा. अमीबा नाकातून घ्राणचेतेच्या वाटेने मेंदूत जातो, म्हणजे अडवायचं ते नाकाच्या अस्तरावर, तिथल्या आयजीए प्रतिपिंडाने. उंदरांत प्रतिसाद वाढवायला कॉलरा टॉक्सिन मिसळून नाकातून दिलेल्या लसीने संरक्षण मिळालं आहे, पण माणसाला ते चालणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ साली ई. कोलायचं तसलंच टॉक्सिन घातलेली फ्लूची नाकातली लस चेहऱ्याच्या लकव्यामुळे बंद करावी लागली.

वाशी_बायोटेक: हजारच्या वर अमिनो आम्लांची प्रोटीनं सोडून देऊ का?

नेरूळ_वेटलॅब: नको. अल्फाफोल्डमध्ये (प्रोटीनच्या रचनेचा अंदाज देणारं) पेशीबाहेरचा डोमेन बघा, पीएलडीडीटी (त्या अंदाजाच्या खात्रीचा गुण) ७०च्या वर असलेला १५० ते ३०० अमिनो आम्लांचा तुकडा घ्या. डायसल्फाइड (दोन सिस्टीनांमधला दुवा) मधोमध कापू नका. त्याआधी जीन मॉडेल (जीन कुठे सुरू होतं आणि संपतं याचा डेटाबेसमधला अंदाज) तपासा. सुरुवातीचं मेथिओनीन कधीकधी चुकीचं धरलेलं असतं, मग सिग्नल पेप्टाइड दिसतच नाही आणि चांगला उमेदवार पहिल्याच गाळणीत जातो. लोव्हानिएन्सिसच्या जोडीदाराशी अलाइनमेंट केलीत की एन-टोक आखूड पडलंय का ते लगेच दिसेल.