पलटणीतल्या नोकरीने मनोहर माळगावकरांच्या ऐतिहासिक लेखनाला काय दिले?

प्रश्न : वाचनालयवाला, खानापूर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगावकर (1913–2010) यांच्यावर एक बैठक घ्यायचे ठरले आहे. लोंढ्याच्या पलीकडे जगलबेटच्या रानात राहून लिहिणारा हा माणूस तसा आपल्या उंबरठ्यावरचा. पण त्यांनी लिहिले इंग्रजीत, त्यामुळे आमच्या कपाटांत त्यांचे नाव फारच उशिरा आले. फौजी अधिकारी, शिकारी, खाणमालक, शेतकरी ही यादी सगळेच देतात. मला विचारायचे आहे ते एवढेच, की मराठा लाइट इन्फंट्रीतल्या नोकरीने त्यांच्या ऐतिहासिक लेखनाला लढायांच्या वर्णनापलीकडे काही दिले का, आणि दिले असल्यास ते कोठे दिसते?

उत्तर 1 : निवृत्त सुभेदार, बेळगाव

दिले, आणि ते समजायला पलटणीचा इतिहास आठवावा लागेल. आमचे रेजिमेंटल सेंटर 1922 पासून बेळगावात आहे आणि 'जंगी पलटण' म्हणून ओळखली जाणारी पहिली बटालियन 1768 मधली आहे. त्या साली पुण्याच्या गादीवर थोरले माधवराव होते आणि ही पलटण उभी केली ती मुंबईच्या कंपनी सरकारने. म्हणजे आज 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' अशी आरोळी देणाऱ्या पलटणीची हजेरी प्रथम साहेबाच्या वहीत लागली. खाल्ल्या मिठाला जागायचे हे रंगरूटाला पहिल्या दिवसापासून शिकवतात; मीठ कोणाचे, हा प्रश्न मात्र तिथे कोणी विचारत नाही.

माळगावकरांवर तो प्रश्न 15 ऑगस्ट 1947 रोजी अंगावरच्या वर्दीसकट येऊन पडला. 'डिस्टंट ड्रम' (1960) ही त्यांची कादंबरी 'सातपुडा रेजिमेंट' या कल्पित पलटणीची आहे. एकाच मेसमध्ये जेवलेले दोन मित्र पुढे काश्मिरात समोरासमोरच्या सैन्यांत उभे राहतात, हा तिचा गाभा. गोळीबारापेक्षा मेसच्या रीतिभाती आणि पलटणीची घमेंड त्यांनी जास्त नेमकी टिपली आहे, असे मला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून वाटते.

उत्तर 2 : इतिहासाचा मास्तर, निपाणी

सुभेदारसाहेबांनी मिठाचा विषय काढला ते फार बरे झाले, कारण त्याच धाग्याने पुढे 'द डेव्हिल्स विंड' (1972) पर्यंत पोचता येते. या कादंबरीत खुद्द नानासाहेब पेशवे आपली कहाणी सांगतात. दुसऱ्या बाजीरावांना कंपनीकडून सालीना आठ लाखांचा तनखा होता. ते 1851 मध्ये वारले आणि दत्तकपुत्राला तो नाकारला गेला. सहा वर्षांनी कंपनीचेच शिपाई उलटले, तेव्हा मीठ मोडणारे शिपाई आणि तनखा बुडालेला पेशवा कानपुरात एकत्र आले. तिथल्या सतीचौरा घाटावर आणि बिबीघरात इंग्रज स्त्री-पुरुषांची आणि मुलांची जी कत्तल झाली तिचा जाब इंग्रजी ग्रंथकार नानासाहेबांकडूनच मागत आले होते. जन्मभर हुकूम पाळलेल्या आणि हुकूम दिलेल्या लेखकाने तो जाब आरोपीच्याच तोंडून ऐकवला. हुकूम कोणी दिला आणि तो खालपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न सैनिकाला सुचतो तसा आम्हा मास्तरांना सहज सुचत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हे नानासाहेब मला फार समंजस वाटतात आणि कधी कधी मेसमधल्या अधिकाऱ्यासारखे बोलतात. कानपूरजवळच्या बिठूरला पेशव्यांचा वाडा होता; त्या वाड्यातली मराठी, तिथले सोवळेओवळे, आश्रितांची कुजबुज हे काही कानावर पडत नाही. ते इंग्रजीत लिहिल्यामुळे हरवले, की लेखकाला त्याची ओढच नव्हती, यावर बैठकीत वाद घालावा.

'कान्होजी आंग्रे' (1959) हे आधीचे पुस्तक कादंबरी नसून चरित्र आहे, हेही श्रोत्यांना सांगा. लोक हमखास घोटाळा करतात.

उत्तर 3 : रामदुर्गकर

माझे मत थोडे वेगळे आहे. मीठ कोणाचे हा पेच 'द प्रिन्सेस' (1963) मध्ये अधिक खोल उतरला आहे, आणि तिथे लढाईची गरजच पडत नाही. कल्पित संस्थानाचा राजा विलीनीकरण मानायला तयार नाही आणि ती गोष्ट त्याचाच मुलगा सांगतो. आमचे रामदुर्ग 1948 मध्ये विलीन झाले. आजोबांच्या तोंडी 'सरकार' हा शब्द अखेरपर्यंत वाड्यासाठीच होता, कचेरीसाठी नव्हे. ती कादंबरी वाचताना मला आजोबा आठवत राहिले, त्यामुळे माझा कौल तटस्थ नाही हे मान्य करतो.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे आभार. लढायांचे उतारे वाचायचा बेत मी सोडला आहे. त्याऐवजी नानासाहेबांच्या तोंडचा एक भाग आम्ही मराठीत सांगू, म्हणजे मास्तरांच्या तक्रारीत किती तथ्य आहे तेही ऐकणाऱ्यांना कळेल. सुभेदारसाहेब, आपण येत असाल तर 1768 ची हकिकत आपल्याच तोंडून व्हावी. बेळगावहून संध्याकाळच्या गाडीने आलात तर मी खानापूर स्टेशनवर उभा असेन.